बर्फात अडकलेले घर आणि सासऱ्यांची शेगडी

एका वाचक भगिनीचे पत्र :

"आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. पती रुग्णालयात श्वसनोपचार विभागात नोकरी करतात, मी घरूनच कार्यालयाचे काम करते. मुलगा १४ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची आहे. ऑक्टोबरपासून सासू-सासरे सांगली जिल्ह्यातून आमच्याकडे आले आहेत. सासरे एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मागच्या हिमवादळात रस्ते बंद झाले, पती दोन दिवस रुग्णालयातच अडकले आणि घरात आम्ही पाच जण राहिलो. पहाटे सासरे कोणाला न सांगता फावडे घेऊन बर्फ उपसायला गेले. मी ओरडून त्यांना आत बोलावले. त्याच रात्री वीज गेली. मुले गारठली म्हणून त्यांनी मागच्या अंगणातील कोळशाची शेगडी पेटवून हॉलमध्ये आणायचे ठरवले. तेव्हा मी मुलांसमोर म्हणाले, 'बाबा, तुम्हाला इथले काही कळत नाही, तुम्ही काही करू नका.' त्यानंतर ते माझ्याशी मोजकेच बोलतात. सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून असतात. मी मात्र स्वयंपाकघर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये धावत असते. आता दोघे परतीचे तिकीट अलीकडचे काढा म्हणतात. माझे चुकले का? पुढचे वादळ आले तर घर कसे सांभाळू? तिकीट बदलू का?"

प्रिय भगिनी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, कारण त्या रात्री तुमच्याकडून दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. पेटती शेगडी तुम्ही दारातच अडवलीत, हे तुम्ही पूर्णपणे योग्य केले आणि त्याबद्दल मनात तिळमात्र शंका ठेवू नका. त्या एका नकाराने कदाचित पाच जीव वाचले. त्याच वेळी जे वाक्य तुम्ही बोललात, ते ज्या माणसाने उभे आयुष्य यंत्रे दुरुस्त करण्यात घालवले त्याला नातवंडांसमोर 'तुम्हाला काही कळत नाही' असे सांगणारे होते, आणि ते त्यांना लागले यात नवल नाही. नकार मागे घ्यायचा नाही आणि वाक्य मागे घ्यायचे, एवढे मनाशी पक्के करा. बहुतेक घरांत नेमकी येथे गल्लत होते : क्षमा मागताना माणूस मूळ मुद्दाही सोडून देतो, किंवा मुद्दा बरोबर होता म्हणून बोलण्याबद्दल क्षमाच मागत नाही.

सासऱ्यांच्या मनात ती शेगडी कोठून आली, हे आधी समजून घेऊ. आपल्याकडच्या जुन्या घरांत थंडीच्या रात्री शेगडीभोवती बसणे ही नेहमीची गोष्ट होती. कौलांच्या फटी, झरोके, नीट न बसणारी दारे यांतून हवा सतत खेळत असे आणि धूर व वायू बाहेर जात असत. तेथेही हा धोका होताच. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या आजही दर हिवाळ्यात येतात. तुमचे घर तर उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम हवाबंद केलेले आहे. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झोप आल्यासारखे वाटते. माणूस त्याला थकवा समजून आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. कोळशाचा धूर संपला, निखारे लाल झाले की धोका संपला असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे, कारण धुमसणारे निखारेच हा वायू सर्वाधिक सोडतात.

हे सर्व तुमच्या सासऱ्यांना समजावणे अवघड नाही, उलट तुमच्या घरात ते सर्वांत लवकर त्यांनाच समजेल. शटर बंद करून गॅरेजमध्ये गाडीचे इंजिन चालू ठेवायचे नसते, हे त्यांनी कार्यशाळेत किती जणांना बजावले असेल. 'बाबा, हे घर म्हणजे शटर ओढलेले गॅरेज आहे आणि शेगडी म्हणजे चालू इंजिन', एवढे सांगितलेत की पुढचे ते स्वतः सांगतील. त्यांना हुकूम मिळाला, कारण मिळाले नाही. त्या अंधाऱ्या रात्री कारण सांगण्याची सवड नव्हती हे मान्य, पण नंतरचे दिवस होते.

क्षमा मुलांसमोरच मागा, कारण वाक्य मुलांसमोर बोलले गेले होते. फार लांबण लावू नका. 'बाबा, त्या रात्री मी घाबरले होते आणि तुम्हाला नको ते बोलले. मुलांना थंडी वाजू नये म्हणून तुम्ही धडपडत होता, हे मला कळत होते. शेगडी घरात आणता येणार नाही, पण तुम्हाला काही कळत नाही हे माझे बोलणे खोटे होते.' असे सरळ बोला आणि उत्तराची वाट पाहू नका. त्या पिढीतील पुष्कळ पुरुषांना अशा वेळी काय बोलावे ते सुचत नाही. ते 'बरं बरं' म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात आणि संध्याकाळी चहा मागतात. तो चहा म्हणजे उत्तर आहे असे समजा.

येथे तुमच्या पतींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. बर्फ असो वा नसो, रुग्णालयातील माणसाला कामावर जावेच लागते आणि तेथे अडकून पडणे हा त्यांचा दोष नाही. मात्र आपल्या वडिलांना फावड्यापासून आणि शेगडीपासून दूर ठेवणे हे काम त्यांनी सुनेवर सोपवून जाणे मला मान्य नाही. मुलाने वडिलांना सांगितले तर तो सल्ला ठरतो. तेच सुनेने सांगितले, की अनेक घरांत अजून तो अधिकाराचा प्रश्न होतो. वादळाचा इशारा आला की निघण्यापूर्वी त्यांनी वडिलांजवळ दहा मिनिटे बसावे, काय करायचे नाही आणि का नाही हे स्वतः सांगावे, आणि अडकलेच तर रोज ठरलेल्या वेळी पहिला फोन तुम्हाला न करता वडिलांना करावा. श्वसनोपचाराचे काम करणाऱ्या मुलाने कार्बन मोनॉक्साइडविषयी सांगावे, यापेक्षा वजनदार शब्द दुसरा कोणाचा असणार?

आता फावड्याविषयी. तुम्ही पहाटे ओरडलात ते भीतीपोटी, आणि ती भीती अस्थानी नव्हती. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यात बर्फाने भरलेले फावडे हातांच्या जोरावर उचलून फेकताना माणूस नकळत श्वास रोखतो, आणि हृदयावरील ताण एकदम वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन दर हिवाळ्यात याविषयी इशारा देते. २०२२ च्या नाताळात तुमच्याच भागात जे हिमवादळ आले त्यात ४० हून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी काही बर्फ उपसताना हृदयविकाराने गेली, काही गाडीत अडकून, तर काही घरातील उष्णता बंद पडल्याने. त्या वादळात रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही रस्त्यात रुतून बसल्या होत्या. म्हणून ७१ वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या माणसाने फावडे हातात घ्यायचे नाही, या नियमाला अपवाद नको. 'थोडेसेच काढतो' हाही अपवाद नको, कारण सांगलीच्या उन्हात काम करण्याची सवय असलेल्या माणसाला थंडीतला हा थकवा वेळेवर जाणवतच नाही.

फावडे १४ वर्षांच्या मुलाकडे द्या. बर्फ पडत असतानाच दोन-तीन वेळा थोडा थोडा काढला तर शेवटी कमरेएवढा ढीग उपसावा लागत नाही, आणि शक्य तेथे तो उचलून फेकण्याऐवजी ढकलत न्यावा, हे त्याला एकदा दाखवा. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट, जवळ अग्निशमनाचा नळ असेल तर त्याभोवतीची जागा आणि गॅसचा मीटर एवढे मोकळे झाले तरी पुरेसे आहे. गाडी नंतर काढता येईल. पायऱ्यांवर मीठ टाकताना लक्षात ठेवा की साधे खडेमीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइडची पिशवी हवी, नाहीतर पाय घसरू नये म्हणून वाळू टाका.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फावडे काढून घेतलेत, शेगडी अडवलीत; मग त्यांच्या हाती उरले काय? सकाळी फिरायला जाणे नाही, कट्टा नाही, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचे इंग्रजी पुरते कळत नाही. पहाटे चारला जाग येते आणि बाहेर दोन फूट बर्फ. अशा माणसाला तुम्ही 'आराम करा' म्हणता, तेव्हा तो बेकार झाल्यासारखा होतो. बर्फात अडकलेल्या घरातील बहुतेक भांडणे जागेच्या टंचाईमुळे होतात असे समजले जाते. माझा अनुभव असा की ती कामाच्या विषम वाटणीतून होतात. एकीच्या अंगावर सगळे आणि दोघांच्या हातांना काहीच नाही, अशी तुमच्या घरची स्थिती आहे. त्यांना मन रमवण्यापुरते लुटुपुटीचे काम देऊ नका, ते लगेच ओळखतील. जे न झाल्यास खरोखर अडेल असे काम द्या.

तसे काम तुमच्या घरात आहे आणि ते मेकॅनिकचेच आहे. घर गरम ठेवणारी तुमची फर्नेस नव्या पद्धतीची असेल तर तिच्यात हवा घेणारी आणि धूर सोडणारी अशा दोन पांढऱ्या नळ्या बाहेरच्या भिंतीतून, जमिनीपासून फारशा उंच नसलेल्या जागी निघालेल्या असतील. वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली त्या बुजल्या तर फर्नेस बंद पडते किंवा दूषित वायू घरात परतू शकतो. कपडे वाळवण्याच्या यंत्राचे तोंडही असेच बुजते. ऊन असेल तेव्हा सासऱ्यांना घराभोवती एक फेरी मारून आणा आणि या जागा दाखवा. वादळात दर काही तासांनी खिडकीतून त्या नळ्या दिसतात का हे पाहण्याची आणि बुजू लागल्या की नातवाला पाठवून मोकळ्या करून घेण्याची जबाबदारी त्यांची. बाहेर जाणारा नातू, सांगणारे आजोबा. मुलाच्या हातून ते काम नीट होईपर्यंत ते दारातून हलणार नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची तपासणीही त्यांच्याकडे द्या. न्यूयॉर्क राज्यात घरांमध्ये हा अलार्म २०१० पासून कायद्याने बंधनकारक आहे, पण अलार्म असणे आणि चालणे यांत फरक आहे. झोपण्याच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर तो आहे का, बॅटरी चालू आहे का, मागच्या बाजूला छापलेली मुदत संपली आहे का, हे सारे त्यांनी पाहावे. अलार्म वाजला तर खिडकी उघडून वाट पाहायची नाही; सर्वांनी ताबडतोब बाहेर पडायचे आणि ९११ ला फोन करायचा, हे त्यांनीच मुलांना शिकवावे. त्याशिवाय फर्नेसचा फिल्टर, विजेऱ्या आणि त्यांच्या बॅटऱ्या, पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे आणि तो कसा फिरतो, कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचे नळ थेंबथेंब चालू ठेवणे, सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवणे, हे सर्व त्यांच्या अखत्यारीत येऊ द्या. आतले पाणी गोठून नळी फुटली आणि घरात पाणी झाले तर मुख्य कॉक बंद करणारा माणूस घरात लागतो. पती रुग्णालयात असताना तो माणूस तुमचे सासरेच आहेत.

त्यांना एक वही द्या. रोज किती बर्फ पडला, तापमान किती, वारा कोठून आला हे त्यांनी लिहावे. हा वेळ घालवण्याचा उद्योग नव्हे. तुमच्या भागातील बर्फाचे गणित वाऱ्याच्या दिशेवरच चालते. थंड, कोरडी हवा ईरी सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहत येताना बाष्प उचलते आणि किनाऱ्यापलीकडे अरुंद पट्ट्यांत ते बर्फाच्या रूपाने टाकते. त्यामुळे एका उपनगरात माणूस बुडेल एवढा बर्फ आणि काही किलोमीटरवर जवळजवळ कोरडे रस्ते, असे घडते. नोव्हेंबर २०१४ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील काही भागांत एकाच वादळात ६ फुटांहून अधिक बर्फ पडला होता. ईरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांतील सर्वांत उथळ सरोवर. कडक हिवाळ्यात ते गोठले की वाफेचा पुरवठा आटतो आणि हा प्रकार कमी होतो. ज्याने यंत्रातील बिघाडाचे कारण शोधत आयुष्य काढले, त्याला हे गणित गोडी लावणारे आहे. पुढच्या इशाऱ्याच्या वेळी 'बाबा, वारा कुठला आहे?' असे तुम्ही खरोखर विचारू लागाल.

सासूबाईंची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे तुम्ही अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. रागावलेला माणूस निदान दिसतो. खिडकीशी गप्प बसलेली बाई सर्वांना शांत वाटते.

आधी शरीराचे पाहू. वयस्कांना थंडी अधिक बाधते आणि त्यांचे शरीर उष्णता धरून ठेवू शकत नाही, म्हणून घरातील तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका. रात्री बिल वाचवण्यासाठी ते उतरवायची सवय असेल तर त्या असेपर्यंत थांबवा. आपल्याकडे निफाडला पारा ४-५ अंशांवर येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, पण दुपारी ऊन असते आणि अंगणात बसता येते. तुमच्याकडे दुपारचे ऊन मिळेलच असे नाही. साडीच्या आत उबदार कपडे, पायांत तळव्याला पकड असलेले मोजे आणि अंगावर लोकरीचा स्वेटर असू द्या. गुळगुळीत लाकडी फरशीवर साध्या मोज्यांनी पाय घसरतो. विजेचा हीटर लावलात तर तो अंथरूण, पडदे आणि पदर यांच्यापासून किमान ३ फूट दूर हवा आणि थेट भिंतीतील सॉकेटला जोडलेला हवा. देवापुढचे निरांजन त्यांनी अवश्य लावावे, मात्र ते तेवत असताना खोलीत कोणीतरी असावे.

बाहेरची अतिथंड हवा घरात येऊन तापते तेव्हा तिची सापेक्ष आर्द्रता फार खाली जाते. त्यामुळे ओठ फुटतात, अंग खाजते, कधी नाकातून रक्त येते आणि गावाकडून आलेला माणूस घाबरतो. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवा. खिडक्यांच्या आतून पाणी ओघळू लागले तर ती जास्त झाली असे समजा. रात्री खोबरेल तेल लावावे, पाणी आठवणीने प्यावे. तहान लागत नाही म्हणून सासूबाई पाणी पीत नसतील, आणि त्यातून येणारा थकवा मनाचा वाटतो.

मनाचाही प्रश्न असू शकतो. बफेलोला डिसेंबरअखेर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कित्येक दिवस ढग हटत नाहीत. प्रकाशाच्या अभावाने हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे वैद्यकीय वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यावर सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यापुढे अर्धा तास बसण्याचा उपचार आज रूढ आहे. डोळ्यांचा आजार असल्यास किंवा मनाची औषधे चालू असल्यास तो दिवा डॉक्टरांना विचारूनच वापरावा. जीवनसत्त्व 'ड'बद्दलही त्यांनाच विचारा. इतक्या उत्तरेकडे हिवाळ्यातील उन्हातून ते त्वचेला जवळजवळ मिळत नाही आणि काचेआडून तर नाहीच. सासूबाईंची झोप, भूक किंवा बोलणे दोन आठवडे बिघडलेलेच राहिले, किंवा त्या 'आता जगून काय करायचे' असे काही बोलल्या, तर ते 'वयाचे बोलणे' म्हणून सोडू नका. डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तातडीच्या प्रसंगी ९८८ या क्रमांकावर फोन करा.

बाकी त्यांना हवी आहे ती माणसे. तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. त्यांच्या बहिणी, जावा, शेजारणी दिवेलागण करून मोकळ्या होत असतात. ही तासाभराची वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. फोन लावून द्या, दार ओढून घ्या, आणि त्या कोणाशी काय बोलल्या याची चौकशी करू नका. सुनेच्या घरी राहणाऱ्या बाईलाही आपले गाऱ्हाणे कोणापुढे तरी मांडू द्यावे. त्यात तुमच्याविषयी चार शब्द असतील तर असू द्या.

स्वयंपाकाविषयी मला तुमच्याशी थोडे कठोर व्हायचे आहे. दिवसभरात किती वेळा चूल पेटवायची हे तुम्ही ठरवलेले नाही, म्हणून ती दिवसभर पेटलेली आहे. दोन जेवणे आणि मधले एक खाणे, यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. इतर वेळी ज्याला भूक लागेल त्याने डब्यातले घ्यावे. सकाळचे जेवण पूर्णपणे सासूबाईंच्या हाती सोपवा, आणि सोपवले की तेथून बाहेर पडा. फोडणी देताना धुराचा अलार्म वाजतो तर पंखा चालू करायचे त्यांना दाखवा, पण किती तेल घातले ते पाहू नका. त्यांनी कुळथाचे पिठले केले आणि मुलीने नाक मुरडले, तर तो आजी आणि नात यांच्यातला प्रश्न आहे, त्या दोघी सोडवतील. भांडी मुलाकडे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मुलीकडे. आठ वर्षांच्या मुलीच्या घड्या वाकड्या येतील. त्या पुन्हा घालू नका.

तुमच्या बैठकांच्या वेळाही त्याच कागदावर लिहा आणि त्या वेळेत दार बंद ठेवा. दार बंद करणे आपल्या घरांत उद्धटपणाचे वाटते हे मला ठाऊक आहे. म्हणून ते आदल्या दिवशी सांगून करा. 'दहा ते बारा मी कार्यालयात आहे, मुलांकडे आजोबा लक्ष देतील' असे म्हणा. शाळेला बर्फाची सुट्टी असेल तेव्हा मुलीला दुपारी अर्धा तास बाहेर सोडाच, तिला त्याची गरज आहे. हातांत अंगठा सोडून बाकी बोटे एकत्र राहतील असे हातमोजे, आत सुती न घालता लोकरीचे कपडे, आणि ओले झाले की लगेच बदलायचे. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नको, कारण तेव्हा उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. रस्त्याकडेच्या ढिगांत बोगदे खणू देऊ नका. ते कोसळतात, आणि बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकाला आतले मूल दिसत नाही.

वीज पुन्हा गेली तर काय, हे शांत दिवशी सर्वांनी मिळून ठरवा. गॅसवर चालणारी फर्नेसही विजेशिवाय बंद पडते, कारण तिचा पंखा आणि नियंत्रण विजेवर असते; सासऱ्यांना त्या रात्री याचाच उलगडा झाला नसेल. घरातील सर्वांत लहान, कमी खिडक्यांच्या खोलीत पाचही जणांनी एकत्र झोपायचे, दारे बंद करायची, दाराखालच्या फटीला टॉवेल लावायचा, खिडक्यांवर रजया टांगायच्या. गॅसची शेगडी काडीने पेटत असेल तर तिच्यावर चहा आणि खिचडी करावी, पण ऊब मिळावी म्हणून ती जळत ठेवू नये. फोन आणि पॉवर बँक आधीच चार्ज केलेले असावेत, दोघांच्या औषधांचा किमान दोन आठवड्यांचा साठा घरात असावा, आणि वीज लवकर येणार नसेल तर ऊब मिळण्याची सार्वजनिक जागा कोठे उघडली आहे हे २११ या मदत-माहितीच्या फोन क्रमांकावर विचारावे. रस्त्यावर बंदी असताना मात्र गाडी काढू नये. २०२२ मध्ये काही जीव तेथेच गेले.

राहिला तिकिटाचा प्रश्न. वादळाच्या आठवड्यात आणि अबोला चालू असताना तिकीट बदलू नका. रस्ते मोकळे होऊ द्या, क्षमा मागून होऊ द्या, सासऱ्यांच्या हाती ती कामे जाऊ द्या, भोगी आणि संक्रांत पार पडू द्या. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी सासूबाईंनी करावी. वाल-पापडी आणि हरभरा गोठवलेला मिळाला तरी चालतो. जवळच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम असेल तर रस्त्यांची स्थिती पाहून त्यांना अवश्य न्या, मग स्वतःचे काम थोडे मागे पडले तरी चालेल.

त्यानंतर पतींनी दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. एकत्र विचारले तर सासूबाई सासऱ्यांचेच उत्तर देतील, आणि त्यांना कदाचित राहायचे असेल. तेव्हाही दोघांना परतायचे असेल तर आनंदाने पाठवा आणि त्यात आपला पराभव पाहू नका. सत्तरीच्या माणसाने पहिल्याच खेपेला बफेलोचा पूर्ण हिवाळा काढावा अशी अपेक्षा करणे योग्य नाही. पुढच्या वेळी त्यांना मे महिन्यात बोलवा आणि सप्टेंबरच्या अखेरीस परत पाठवा; अंगण असेल, नायगारा अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि परसात मेथी-कोथिंबीर पेरता येईल. ते राहायचे म्हणाले, तर फर्नेसच्या नळ्या दाखवण्याची फेरी येत्या पहिल्या उन्हाच्या दिवशीच काढा.